मला पाचारण नव्हतं

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या ख्रिस्ती मंडळीतली चाळीसेक माणसं माझ्याबरोबर फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभी होती. कुणी पेटी आणली होती, कुणी झांजा. एरवी नोकरीसाठी गाव सोडणाऱ्याला पोचवायला घरचे दोघंतिघं येत, फार तर एखादा मित्र. माझ्यासाठी मात्र गाणी म्हटली गेली, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, म्हाताऱ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. गाडीचा कंडक्टर वैतागून म्हणाला, "नवरदेव एकटाच निघालाय का?" सगळे हसले. मीही हसलो.

माझे वडील तेवढे नव्हते. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्याच हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. खाटेवरून त्यांना फाट्यापर्यंत आणणं शक्यच नव्हतं. घरातून निघताना त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि तोंडाच्या चालत्या बाजूने म्हणाले, "मागं पाहू नको. कामावर निघालेल्यानं मागं पाहू नये."

मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सुवार्ता दिसली असती. माझी धाकटी बहीण, अठरा वर्षांची. आई आम्ही लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात आता बाबा आणि ती. सगळे गात असताना ती गात नव्हती, असं मला फार नंतर कुणीतरी सांगितलं.

हे सारं गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. नव्यांनी ऐकलेलं आहे. मंडळीच्या शतकपूर्तीच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून द्या, असं चिटणीसांनी मला कळवलं तेव्हा त्यांना हेच हवं होतं. मी आता जे गावाला ठाऊक नाही ते लिहिणार आहे. माझं वय शहात्तर आहे.

आपल्या लोकांत पाचारण हा शब्द किती जड आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, पण ही स्मरणिका बाहेरचेही वाचतील. देवाने एखाद्याला नाव घेऊन एखाद्या कामासाठी बोलावणं, म्हणजे पाचारण. आमच्या घरात हा शब्द सहसा कुणी स्वतःबद्दल वापरत नसे. बाबा चाळीस वर्षं शिकवत होते, तरी ते म्हणत, "मला पाचारण होतं की नाही, हे शेवटी कळेल."

मी तेवीस वर्षांचा होतो. केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मी कुणाला न सांगता परीक्षा दिली होती. नेमणुकीचं पत्र आलं ते जयपूरचं. त्याच सुमारास बाबांच्या शाळेने त्यांची रिकामी जागा मला देऊ केली होती. म्हणजे मी घरी राहायचं, शाळेत शिकवायचं, बाबांचं करायचं. आणि सुवार्तेने नर्सिंगला जायचं. तिचा प्रवेश झालेला होता. पांढरा गणवेश शिवायला टाकायचा की तिकडेच मिळतो, एवढाच प्रश्न राहिला होता.

मला त्या खाटेची भीती वाटत होती. बाबांना कुशीवर वळवताना, त्यांची लाळ पुसताना, मी तोंड फिरवायचो. हा माणूस मला लहानपणी एका हाताने उचलून बैलगाडीत बसवायचा. त्याचं असं होणं मला पाहवत नव्हतं, आणि आयुष्यभर तेच पाहत राहावं लागेल हा विचारही नको वाटायचा. मी भित्रा होतो. एवढंच त्याचं कारण आहे, दुसरं मोठं काही नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी पत्र काढलं. नोकरी लागली, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि बाबांची नजर माझ्यावर आली. मी म्हणालो, "बाबा, राजस्थानात जायचं मला पाचारण आहे, असं वाटतं. तिथं नोकरी करता करता प्रभूचं काम करीन."

बाबांच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती उजळली. मग म्हणाले, "मग मी कोण अडवणारा?"

सुवार्तेच्या हातात भाकरी होती. तिने ती माझ्या ताटात वाढली आणि ती आत गेली.

नोकरी लागली असं मी म्हणालो असतो तर घरात बोलणं झालं असतं. कुणी जायचं, कुणी राहायचं, वर्षभर मी थांबू का, बाबांसाठी माणूस ठेवता येईल का. भांडणही झालं असतं. पाचारणावर बोलणं होत नाही. तो एक शब्द मी ताटाशेजारी ठेवला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. पुढच्या रविवारी बाबांनी निरोप पाठवून मंडळीला कळवलं, आणि मग ते माझ्या हातात उरलं नाही. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

जयपूरला मी सोडाला नावाच्या वस्तीत एका खोलीत उतरलो. आज तिथे उड्डाणपूल आहे, मेट्रो आहे, रस्ता ओलांडायला मला रूथचा, माझ्या मुलीचा, हात धरावा लागतो. तेव्हा संध्याकाळी उंटगाड्या जायच्या आणि धुळीचा एक पट्टा घरांच्या उंचीवर तरंगत राहायचा. कचेरीत मला आवक-जावक दिलं. आलेलं पत्र नोंदवायचं, जाणारं पत्र नोंदवायचं. शेलार आडनाव पाहून सगळे मला शेलारजी म्हणू लागले. मी कोण, कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शहरात हिंदी उपासना होणारं गिरजाघर होतं, माझ्या खोलीपासून सायकलवर वीस मिनिटांवर. पहिली अकरा वर्षं मी तिकडे गेलो नाही. रविवारी मी झोपत असे.

घरून दर महिन्याला आंतर्देशीय पत्र यायचं. बाबा सांगायचे, सुवार्ता लिहायची. तिचं अक्षर गोल आणि सुटं होतं. शेवटी नेहमी एकच प्रश्न असे. "काम कसं चाललं आहे?"

सुरुवातीला मी मोघम लिहिलं, हळूहळू होत आहे, प्रार्थना करा. मग एका पत्रात बाबांनी लिहवलं होतं, "मंडळी दर रविवारी जयपूरच्या कामासाठी प्रार्थना करते. त्यांना काही ठोस कळलं तर बरं." ठोस हा शब्द मी दोनदा वाचला. माझ्यासमोर त्या वेळी रामनिवास बसला होता. तो आमच्याच कचेरीत होता, जयपूरजवळच्या चौमूं गावचा राहणारा. बुधवारी त्याची शेवटची बस सुटेपर्यंत दोन तास मोकळे असत, म्हणून तो माझ्या खोलीवर पत्ते खेळायला यायचा. थंडीत येताना घरची बाजरीची रोटी आणि गूळ आणायचा. आमच्या भाकरीपेक्षा जाड, पण बाजरी तीच. माझ्या पहिल्या वर्षाची ती एकच गोष्ट मला घरासारखी लागली.

मी लिहिलं, "चौमूंच्या एका भावाबरोबर दर बुधवारी वचन वाचतो. त्याचं नाव रामनिवास."

तुमच्यापैकी जुन्यांना हे नाव आठवत असेल. कारण पुढची दहा वर्षं आपल्या देवळात त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना झाली. माझी पत्रं उपासनेनंतर वाचून दाखवली जात, आणि ती वाचायची सुवार्ता. मी लिहिलेलं खोटं तिच्या आवाजात तुमच्यापर्यंत पोचत होतं. रामनिवासच्या बायकोला मुलगा झाला हे मी लिहिलं तर मंडळीने उपकारस्तुती केली. मुलगा खरा होता. एवढंच खरं होतं.

अकरा वर्षांनी बाबा गेले. तार मिळून मी पोचलो तेव्हा दफन होऊन एक दिवस झाला होता. घरी पाळक म्हणाले, "मास्तरांनी एकच मुलगा होता तो कामावर दिला." बायका रडल्या. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि लोकांना तो नम्रपणा वाटला. सुवार्ता एकोणतीस वर्षांची होती. नर्सिंगचं वय उलटून गेलं होतं. तिने पुढे बालवाडी चालवली. लग्न केलं नाही.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी परत येऊन पुढच्या रविवारी गिरजाघरात गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. हिंदीतली गाणी येत नव्हती, पण चाली ओळखीच्या होत्या. मी जायला लागलो ते एखादा माणूस जिथे खोटं बोलला तिथेच त्याने रोज जाऊन उभं राहावं तसं. विश्वास नंतर आला, हळूहळू, माझ्या लायकीपेक्षा जास्त. लग्न झालं, रूथ झाली, बायको पाच वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली. तिलाही मी सांगितलं नव्हतं. या सगळ्या वर्षांत माझी प्रार्थना खरी होत गेली, आणि तिच्या बुडाशी ते एक खोटं तसंच राहिलं. गावच्या देवळात भिंतीवर फलक लागला, मंडळीतून कामावर गेलेल्यांचा. पहिलं नाव माझं. मी गावी जाणं कमी केलं ते का, ते आता तुम्हाला कळलं असेल. रजा मिळत नाही असं मी कळवायचो. रजा भरपूर होती.

चिटणीसांचा निरोप आल्यावर मी दोन दिवसांत चार पानं लिहून काढली. सुंदर लिहिली होती. हाक, आज्ञापालन, वाळवंटात फुटलेला झरा. कुठेही अडलो नाही. रूथ दुपारी शाळेत शिकवून आली आणि पानांचे फोटो काढून गावी पाठवायला बसली. ती जयपुरात वाढली, मराठी तिला अडखळत येते, वाचते मात्र नीट.

"पप्पा, पाचारण मतलब?"

"बुलावा."

"कुणाचा?"

"देवाचा."

तिने पान खाली ठेवलं. "तुम्हाला आला होता? कसा असतो तो? मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

तिच्या विचारण्यात संशय नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, फोटो आत्ता पाठवू नको, अजून सुधारायचं आहे. पानं तिच्या हातातून घेतली आणि खोलीत जाऊन बसलो. खोटं इतकं सराईतपणे उतरलं होतं की त्यात एक काटछाट नव्हती. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःला तपासायचं असतं. चाळीस वर्षं मी तपासत आलो होतो, म्हणजे त्या एका कोपऱ्याला वळसा घालून बाकीचं घर झाडत होतो. थाळी माझ्यापाशी आली आणि मी ती तशीच पुढे दिली. रूथने माझ्याकडे पाहिलं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला, आधी तुझ्या भावाकडे जाऊन समेट कर, असं शुभवर्तमानात सांगितलेलं आहे. मी ते शेकडो वेळा वाचलं होतं. मला भाऊ नाही, म्हणून ते माझ्यासाठी नाही, असं काहीतरी मनात कायम होतं. बहीण हा शब्द मी तिथे कधी घालून पाहिला नव्हता.

घरी येऊन मी गुडघ्यावर बसलो. आता बसलं की उठायला खुर्ची लागते. मी धैर्य मागितलं नाही. धैर्य फार मोठं वाटलं, आणि ते मिळालं की नाही हे ओळखणार कसं? मी पहिलं वाक्य मागितलं. सुवार्तेने फोन उचलल्यावर काय म्हणायचं, तेवढं एक वाक्य. बराच वेळ काहीच आलं नाही. रक्तदाबाची गोळी घेतली होती की नाही तेही आठवेना. मग जे आलं ते इतकं साधं होतं की मला राग आला. मला वाटलं होतं, काहीतरी मऊ सुरुवात सुचेल.

मी दुपारी चारला फोन लावला.

"काय रे दादा? बरा आहेस ना? तुझा फोन असा मधेच?"

"सुवार्ता, मला पाचारण नव्हतं."

"कशाचं?"

"जयपूरचं. मला नोकरी लागली होती. मला घरातून निघायचं होतं. बाबांच्या आजारपणाला मी भ्यालो होतो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"आणि चौमूं?" ती म्हणाली.

"रामनिवास पत्ते खेळायला यायचा."

"पत्ते."

"हो."

"मी त्या माणसासाठी उपास केलेत, दादा. दर शुक्रवारी. बाबांना भरवायचे आणि आपण पाणी पिऊन राहायचे." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटायचं, मी गेले नाही, पण माझ्या न जाण्यानं तिकडं काहीतरी होतंय."

मी काही म्हणायच्या आत फोन बंद झाला.

चार दिवस काहीच नाही. मी फोन हातातून खाली ठेवत नव्हतो. अंघोळीला जाताना तो रूथकडे द्यायचो आणि बाहेर आल्यावर आधी तिच्या तोंडाकडे पाहायचो. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती मला काही बोलली नाही, फक्त पहिल्या दिवशी माझ्या ताटात वाढून झाल्यावर स्वतःचं ताट घेऊन आत गेली. सुवार्तेची सत्तरी उलटलेली, घरात एकटी. तिचं काही झालं तर? मी हे स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला केलं आणि ते तिच्यावर टाकलं, असं असेल तर? प्रार्थनेला बसलो की हाच प्रश्न समोर यायचा.

तिसऱ्या दिवशी मी रिक्षा करून रामनिवासकडे गेलो. तो आता मुलाबरोबर शहरातच राहतो, गुडघ्यांमुळे घरात बसून असतो. त्यालाही सांगणं भाग होतं. त्याचं नाव मी त्याला न विचारता वापरलं होतं. तो हुक्का बाजूला ठेवून ऐकत राहिला.

"मतलब, दस साल आपके गाँव में मेरे नाम की प्रार्थना हुई? और मुझे खबर ही नहीं?"

"हाँ."

"इसीलिए मैं पत्तों में जीतता था, शेलारजी!" तो हसला, मग खोकला. "और आपकी बहनजी भूखी रहती थीं? मेरे लिए?"

"हाँ."

"यह अच्छा नहीं किया आपने." त्याने हुक्का पुन्हा जवळ ओढला. मी उठलो तेव्हा म्हणाला, "उनसे कहना, मेरा सब ठीक रहा. बच्चे, घर, सब. किसकी दुआ से रहा, मुझे क्या मालूम. पर उनसे कहना ज़रूर."

पाचव्या दिवशी सुवार्तेचा फोन आला. तिने नेहमीसारखी विचारपूस केली नाही.

"स्मरणिकेत काय लिहिलंयस?"

"अजून काही नाही. खरं लिहावं म्हणतो."

"मग माझ्याबद्दल त्याग केला असं लिहू नकोस. तुम्हा लोकांना त्याग फार आवडतो. त्याग करायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी रागावले होते, दादा. अकरा वर्षं. देवावर रागावले होते, कारण तुझ्यावर रागवायची सोय नव्हती. देवानं बोलावलेल्या माणसावर कसं रागावणार? ते लिही."

"लिहितो."

"आणि बाबांना यात ओढू नको. त्यांची प्रार्थना खरी होती. तू खोटा असलास म्हणून ती खोटी होत नाही."

मी रामनिवासचा निरोप सांगितला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "किती मुलं आहेत त्याला?"

"तीन."

"बरं," ती म्हणाली. "आणि लेख पाठवून देऊन तिकडं जयपुरात बसून राहायचं नाही. इथं यायचं. उभं राहून वाचायचं. मी पुढच्या बाकावर बसेन."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मला क्षमा केलीस का?"

"ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "तू ये आधी."

चिटणीसांना मी कळवलं की माझा सत्कार ठेवू नका. ते म्हणाले, पत्रिकेत नाव छापलं आहे, आता काढलं तर लोकांना कारण सांगावं लागेल. मी म्हणालो, कारण मी सांगेन.

जयपूरला मी पन्नासहून अधिक वर्षं राहिलो. दुर्गापुऱ्यात घर बांधलं, बायकोला इथल्या मातीत ठेवलं. तरी कुणी विचारलं की घर कुठे, तर मी गावाचं नाव सांगत आलो. खरं तर त्या गावात मला कुणी ओळखत नव्हतं. ज्याला तुम्ही ओळखत होता, ज्याच्यासाठी प्रार्थना करत होता, तो माणूस मी पत्रांतून तयार केलेला होता, आणि तो गावी सुखात राहत होता. खरा मी मात्र कधी परत गेलोच नाही. आता पहिल्यांदा जातो आहे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, रूथ म्हणते इतकी भीती वाटत असेल तर राहू द्या ना, पप्पा. भीती जाईल असं मला कुणी सांगितलेलं नाही. पहिलं वाक्य मिळालं होतं, त्याच्यानंतरचं दुसरंही मिळालं, आणि इतकी पानं झाली. तेवढ्याच भरवशावर निघतो आहे.

त्या बाकावर एक बाई बसलेली असेल. ती मला क्षमा करील की नाही हे तिलाही ठाऊक नाही. तरी तिने मला ये म्हटलं आहे. माझ्यासाठी आज घर म्हणजे तेवढंच आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खात्री आहे की मला कुणीतरी बोलावलं आहे.